महात्मा फुले यांची डाव्या हाताची लेखणी

इ. स. १८८८ च्या जुलै महिन्यांत पुणें येथें जोतिराव गोविंदराव फुले यांस पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचें उजवें अंग लुळें पडलें. दोनच महिन्यांपूर्वीं, ११ मे रोजीं, मुंबईंत मांडवी कोळीवाड्यांतील सभेनें त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली होती. त्या वेळीं त्यांचें वय ६१ वर्षांचें होतें. अशा वयांत व अशा अवस्थेंत माणूस नामस्मरणांत दिवस कंठूं लागला, तर त्यास कोणी दोष देत नाहीं. जोतिरावांनीं डाव्या हातांत लेखणी धरली आणि ग्रंथ लिहावयास घेतला.

त्यांचें पूर्वचरित्र आमच्या वाचकांस ठाऊक आहे. १८४८ सालीं भिड्यांच्या वाड्यांत काढलेली मुलींची शाळा, १८६८ सालीं अस्पृश्यांस खुला केलेला घरचा हौद, १८७३ सालचा सत्यशोधक समाज व गुलामगिरी हा ग्रंथ, १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षणासाठीं मांडलेली कैफियत, हें सर्व पुनःपुन्हां सांगितलें जातें. क्वचित् सांगितली जाते ती गोष्ट ही कीं, हा गृहस्थ धंदा करून पोट भरणारा होता. बांधकामाचे मक्ते घ्यावे, शेती करावी आणि उरेल तें लोककार्यावर खर्चावें, असा त्यांचा क्रम. सरकारी पेन्शन नाहीं, संस्थानाची नेमणूक नाहीं. आमचे जे वाचक दुकान किंवा वाडी सांभाळतात, त्यांस अशा घरचा कर्ता पुरुष खाटेस खिळला म्हणजे काय होतें, हें समजावून द्यावयास नको. औषधोपचार डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं केले. परंतु पैशाची ओढाताण सुरू झाली ती सुटली नाहीं. अखेर मामा परमानंद यांस बडोद्याचे सयाजीराव महाराज यांजकडे मदतीसाठीं लिहावें लागलें. पदवी देण्यास एक सभा पुरते. आजारी माणसाचें घर दरमहा चालवावें लागतें. हा हिशेब त्या काळच्या सुशिक्षितांपैकीं फार थोड्यांस सुचला, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

ग्रंथाचें नांव सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक. १८८९ च्या एप्रिलाच्या सुमारास तो लिहून पुरा झाला. त्यांत स्त्रीपुरुषांचे हक्क सारखे मानले आहेत व सत्यवर्तनाचे ३३ नियम दिले आहेत. आमच्या मतें सर्वांत धीट भाग निराळाच आहे. एकाच कुटुंबांत बाईनें इच्छा असल्यास बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारावा, नवऱ्यानें बायबल वाचून ख्रिस्ती व्हावें, मुलीनें कुराण वाचून मुसलमान व्हावें, मुलानें सार्वजनिक सत्यधर्म पत्करावा, आणि कोणीं कोणाचा द्वेष न करतां सर्वांनीं एका घरांत प्रेमानें नांदावें, अशी ती कल्पना.

वसई तालुक्यास तरी ही कल्पना परकी वाटूं नये. सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं, म्हणजे त्याच दशकांत, उकरून उजेडांत आणला. चर्चें, मशिदी व देवळें तर येथें नित्य नजरेसमोर आहेत. बाजारांत आमचे व्यवहार परस्परांशीं सुरळीत चालतात. पण मुलानें वा मुलीनें परधर्मांत लग्न ठरविलें कीं तेच शेजारी वकिलाचा जिना चढतात, आणि हें लग्न मोडतां येईल काय, एवढाच प्रश्न विचारतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें सज्ञान वधूवरांस मार्ग मोकळा केला आहे, असें वकील त्यांस सांगूं शकतो. घराचें दार उघडें ठेवण्याचें कलम मात्र त्या कायद्यांत नाहीं. तें जोतिरावांच्या पुस्तकांत आहे.

स्वतःच्या घरीं त्यांनीं असेंच औदार्य दाखविलें होतें. दत्तक पुत्र यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. १८८७ सालच्या मृत्युपत्रांत जोतिरावांनीं त्यास वारस ठरविलें, आणि आजारांतच, ४ फेब्रुवारी १८८९ रोजीं, त्याचा विवाह भटजीवांचून सत्यशोधक पद्धतीनें लावून दिला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतिराव वारले. अंत्ययात्रेच्या वेळीं टिटवें धरण्याचा यशवंताचा हक्क भाऊबंदांनीं अडविला, तेव्हां सावित्रीबाईंनीं तें आपल्या हातीं घेतलें व त्या पुढें चालल्या. डाव्या हातानें लिहिलेला ग्रंथ यशवंतानें १८९१ सालीं छापून प्रसिद्ध केला.