मलिक अंबर



आपल्या बेलापुरात प्रवरेकाठचा शेतकरी पेरणीच्या आधी मनाशी काही ठरवतो. कोणत्या शेतात ऊस लावायचा, कोठे कांदा घ्यायचा, पाण्याच्या पाळ्या किती द्यायच्या. पीक घरात आले की जाणता शेतकरी बांधावर बसून स्वतःलाच चार प्रश्न विचारतो. ठरवले काय होते? घडले काय? तसे का घडले? पुढच्या हंगामात काय बदलायचे? हे प्रश्न विचारणाऱ्याची शेती सुधारत जाते. न विचारणारा मात्र तीच चूक दरवर्षी पुन्हा पेरतो.

आज हे चार प्रश्न आपण एका थोर माणसाच्या आयुष्याला लावून पाहू. त्याचे नाव मलिक अंबर. आपला अहमदनगर जिल्हा, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, एके काळी निजामशाहीचा मुलूख होता. त्या निजामशाहीचा तो वजीर होता.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकला जात तो बगदादला पोहोचला. तेथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला लिहायला, वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवले. अंबर हे नावही त्यानेच दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः एके काळी गुलाम होता. त्याच्या हाताखाली अंबरने राज्यकारभार जवळून पाहिला.

चंगेजखानाच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला; पण मोठेपण लगेच आले नाही. त्याने काही वर्षे विजापूरकरांकडे चाकरी केली. १५९५ च्या सुमारास तो पुन्हा निजामशाहीत आला, तेव्हा त्याच्याजवळ जेमतेम दीडशे घोडेस्वार होते. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली आणि नगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य बुडाले असे सर्वांना वाटले. अंबरने मात्र त्याच वर्षी निजामशाही घराण्यातील मुर्तजा याला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले. तेव्हा अंबरचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते.

आता पहिली परीक्षा पाहा. १६०२ च्या सुमारास नांदेडजवळ अंबर मोगलांशी समोरासमोर लढला. मोगल सेनापती खानखानान याच्या मुलाने त्याचा पराभव केला. अंबर जखमी होऊन पडला. त्याच्या माणसांनी त्याला कसेबसे उचलून नेले, म्हणून तो वाचला. ठरवले होते मोगलांना हटवायचे, घडला पराभव. असे का झाले? मोगलांकडे तोफा आणि मोठी फौज होती. मोकळ्या मैदानात त्यांची बरोबरी होणे कठीण होते. अंबरकडे काय होते? चपळ घोडे, डोंगरवाटांची माहिती आणि या मातीतले मराठा स्वार. मग त्याने लढाईची रीत बदलली. अचानक छापा घालायचा, शत्रूची रसद तोडायची आणि तो सावध होण्याआधी निसटायचे. हाच गनिमी कावा. या रीतीने त्याने १६१० मध्ये नगरचा किल्ला परत मिळवला. त्याच वर्षी त्याने खडकी हे नवे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते.

पण एकदा शिकलेला धडा माणूस कधी कधी विसरतो. १६१६ मध्ये त्याचे काही सरदार फुटून मोगलांना मिळाले. तरीही अंबर रोशनगावला मोगलांशी उघड मैदानात लढला. पराभव झाला आणि मोगलांनी खडकी शहर उद्ध्वस्त केले. पुढच्या वर्षी तह करून त्याला नगरचा किल्लाही सोडावा लागला. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची चूक पुन्हा झाली होती, आणि या वेळी किंमत जास्त पडली.

तरी तो खचला नाही. त्याने शहर पुन्हा उभे केले. साधारण याच काळात त्याने खडकीला पाणी आणले. हर्सूलच्या बाजूचे पाणी जमिनीखालच्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात खेळवले. या नहरीचे पाणी पुढे कित्येक पिढ्यांनी प्यायले.

१६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एकत्र होऊन त्याच्यावर चालून आले. या वेळी अंबरने मैदान स्वतः निवडले. नगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचे पाणी सोडून दिले. शत्रूच्या वाटा चिखलाने भरल्या, रसद तुटली, रात्री छापे पडू लागले. शत्रू थकला, तेव्हाच त्याने हल्ला केला आणि मोठा विजय मिळवला. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी याच रणात पडले.

महसुलाच्या कामातही त्याची हीच सवय दिसते. आधी महसूल वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदार रयतेला पिळून काढीत. अंबरने मक्ते बंद केले. पिकाचा ठरावीक वाटा धान्याच्या रूपाने घ्यायला सुरुवात केली. काही हंगामांचा अनुभव पाहिला आणि मगच त्या वाट्याची रोख रक्कम ठरवली. आधी करून पाहायचे, मग नियम पक्का करायचा, ही ती पद्धत.

१६२६ मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याचा मुलगा फतेखान याला राज्य राखता आले नाही. १६३३ मध्ये त्याने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. शहाजीराजांनी झुंज दिली, पण १६३६ मध्ये निजामशाही संपली. आपल्यामागे हे सारे कोण सांभाळेल, या प्रश्नाचे पक्के उत्तर अंबरच्या राज्याजवळ नव्हते. म्हणजे थोर माणसांकडूनही एखादा प्रश्न सुटून जातो.

मित्रांनो, परीक्षा संपली, सामना हरलात, शाळेचा कार्यक्रम फसला, की दोष कोणाचा हे शोधत बसू नका. शांतपणे ते चार प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत लिहून ठेवा. मनात ठेवलेले उत्तर वर्षभरात विरून जाते. कागदावरचे उत्तर पुढच्या वेळी हाताशी असते.

शब्दार्थ
रसद – फौजेला लागणारे अन्नधान्य व सामान
मक्ता – ठेका
महसूल – सरकारी सारा, लगान
रयत – प्रजा

स्वाध्याय
१. नांदेडच्या पराभवानंतर मलिक अंबरने लढाईची रीत का बदलली?
२. रोशनगाव आणि भातवडी या दोन लढायांत कोणता फरक होता?
३. गेल्या महिन्यात तुम्ही ठरवलेले एक काम निवडा. पाठातील चार प्रश्नांची उत्तरे त्या कामाविषयी चार वाक्यांत लिहा.