दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर – १६ फेब्रुवारी १९४४, नाशिक) हे मराठी चित्रपटनिर्माते, दिग्दर्शक, छायाचित्रकार व मुद्रक होते. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या राजा हरिश्चंद्र या मूकपटामुळे त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाते. असुर, नाग आणि वानरवीर अशा पुराणांतील अतिमानवी व्यक्तिरेखा भारतीय पडद्यावर प्रथम आणणाऱ्यांमध्ये त्यांचे स्थान अग्रभागी आहे. या व्यक्तिरेखांची रूपे घडवताना चित्रकला, मुद्रण, छायाचित्रण व जादूचे प्रयोग या आधी शिकलेल्या विद्यांचा त्यांना उपयोग झाला.

पूर्वायुष्य व शिक्षण

फाळके यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाल्यावर कुटुंब मुंबईस आले. पुराणकथांचा परिचय फाळके यांना अशा रीतीने घरातच झाला. १८८५ साली त्यांनी सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढील वर्षी ते थोरले बंधू शिवरामपंत यांच्याकडे बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात चित्रकला व छायाचित्रण शिकले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले.

१८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. १९०० साली प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल दगावले. फाळके बडोद्यास परतले, परंतु कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो अशी समजूत शहरात पसरल्याने त्यांचा व्यवसाय चालला नाही. उदरनिर्वाहासाठी त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. याच काळात एका फिरत्या जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखीचे प्रयोग शिकले आणि आडनावातील अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जाहीर प्रयोग करू लागले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी सरस्वतीबाई पुढे त्यांच्या चित्रपटव्यवसायातील प्रमुख सहकारी ठरल्या.

मुद्रण व्यवसाय

१९०३ पासून फाळके यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. १९०६ मध्ये नोकरी सोडून त्यांनी लोणावळा येथे स्वतःचा छापखाना काढला आणि राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयासाठी शिलामुद्रणाची कामे केली. देवादिकांच्या व राक्षसांच्या रंगीत तसबिरी त्या काळी महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचत होत्या. अशा तसबिरी छापण्याच्या तंत्राचा त्यांना जवळून अनुभव आला. पुढे छापखाना दादर येथे हलवण्यात आला. रंगीत मुद्रणाची यंत्रसामग्री पाहण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. मात्र भागीदारांशी मतभेद झाल्याने ते या व्यवसायातून बाहेर पडले.

चित्रपटाकडे वळण

एप्रिल १९११ मध्ये गिरगावातील एका तंबूत फाळके यांनी प्राण्यांवरील एक चलच्चित्र पाहिले. पडद्यावर हालणारे प्राणी पाहून त्यांचा मुलगा थक्क झाला. दुसऱ्या दिवशी ते कुटुंबासह पुन्हा तेथे गेले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट दाखवण्यात आला. त्याच धर्तीवर राम व कृष्ण यांच्या कथा पडद्यावर आणण्याची कल्पना त्यांना सुचली. त्यानंतर सतत चित्रपट पाहणे व प्रयोग करणे यांचा ताण पडून त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारानंतर ती परत आली. विम्याची पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला रवाना झाले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रपटनिर्मितिगृहात त्यांनी काम पाहिले व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला.

परतल्यावर कुंडीतील वाटाण्याचे रोप कसे वाढते, हे थोडे थोडे चित्रित करून त्यांनी सुमारे एका मिनिटाचे चलच्चित्र तयार केले. कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला की पडद्यावर अशक्य ते घडते, हे तंत्र त्यात सिद्ध झाले. पुढील चित्रपटांतील चमत्कृतिदृश्यांचा तो पाया होता. ते चलच्चित्र पाहून भांडवल देणारा मनुष्य मिळाला. सरस्वतीबाईंनी दागिने विकले, चित्रफितीला छिद्रे पाडण्याचे काम शिकून घेतले आणि कलाकार व कामगारांच्या जेवणाची व्यवस्थाही सांभाळली. राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

पुराणातील अतिमानवी रूपे

यानंतरच्या मोहिनी भस्मासुर (१९१३) मध्ये ज्याच्या मस्तकावर हात ठेवील त्याला भस्म करण्याचा वर मिळालेला असुर पडद्यावर आला. लंकादहन (१९१७) मध्ये हनुमान व पेटलेली लंका दाखवण्यात आली. या चित्रपटाला मुंबईत पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत गर्दी होत असे. १ जानेवारी १९१८ रोजी मुंबईतील व्यापाऱ्यांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीची स्थापना झाली. या कंपनीच्या श्रीकृष्णजन्म (१९१८) मध्ये अनेक फणांच्या नागावर आरूढ झालेला बालकृष्ण नदीतून वर येतो, तसेच भयभीत कंसाला स्वतःचे मस्तक धडावेगळे होऊन हवेत गेल्याचा भास होतो.

कालियामर्दन (१९१९) हा या प्रकारातील त्यांचा सर्वाधिक प्रसिद्ध चित्रपट होय. फाळके यांची सुमारे सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिने त्यात बालकृष्णाची भूमिका केली. आरंभी ती साध्या मुलीच्या रूपात निरनिराळे मुखभाव दाखवते आणि नंतर पडद्यावरच तिचे कृष्णात रूपांतर होते. कृष्ण यमुनेत उडी घेतो, त्यानंतर पाण्याखाली नागाशी चाललेले युद्ध व काठावर आक्रोश करणारे गोकुळवासी ही दृश्ये आळीपाळीने येतात. अखेरीस कृष्ण कालियाच्या फणांवर उभा राहून प्रकट होतो. नाग कृत्रिम असल्याचे आजच्या प्रेक्षकाला सहज कळते. परंतु समोर लहान मूल असल्यामुळे त्याचा आकार अधिक प्रचंड भासतो आणि काठावरील माणसांच्या भीतीमुळे तो खरा वाटू लागतो.

फाळके यांच्या समकालीनांनीही महाकाय प्राणी पडद्यावर आणले. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी १९१२ साली ध्रुवप्रदेशातील हिमराक्षसाचा अवाढव्य यांत्रिक पुतळा वापरला. मेलिएसही मूळचे जादूगारच होते. अमेरिकेत विलिस ओब्रायन यांनी लहान प्रतिकृती चित्रागणिक किंचित हलवून द लॉस्ट वर्ल्ड (१९२५) मधील डायनोसॉर व किंग काँग (१९३३) मधील वानर साकारले. जपानच्या गॉडझिला (१९५४) मध्ये नट जाड पोशाखात शिरून प्रतिकृतींच्या शहरात वावरला. तंत्र बदलले तशी या प्राण्यांची रूपेही बदलत गेली. फाळके यांची स्थिती मात्र वेगळी होती. किंग काँग कसा दिसावा हे ठरवण्यास ओब्रायन मोकळे होते. कालिया, हनुमान वा भस्मासुर कसा दिसतो हे मात्र फाळके यांच्या प्रेक्षकांना कीर्तनांतून, नाटकांतून व भिंतीवरील तसबिरींतून आधीच ठाऊक होते. त्यामुळे नवे रूप कल्पिण्यापेक्षा परिचित रूपाला हालचाल देणे हे त्यांचे मुख्य कार्य ठरले.

उत्तरायुष्य

भागीदारांशी मतभेद झाल्याने फाळके कंपनीतून बाहेर पडले व सहकुटुंब काशीस गेले. तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते कंपनीत परतले, परंतु पूर्वीचे स्वातंत्र्य त्यांना लाभले नाही. सेतुबंधन हा त्यांचा अखेरचा मूकपट १९३२ साली पूर्ण झाला. तोपर्यंत बोलपट सुरू झाले होते, म्हणून त्याला नंतर ध्वनीची जोड देण्यात आली. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी दिग्दर्शित केलेला गंगावतरण ६ ऑगस्ट १९३७ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. हा त्यांचा अखेरचा चित्रपट होय. ध्वनीमुळे चित्रपटाचा भर संवाद व गीतांकडे वळला होता आणि केवळ दृश्यचमत्कृतीवर प्रेक्षक खेचण्याचा काळ मागे पडला होता. फाळके यांचे अखेरचे दिवस नाशिक येथे आर्थिक विवंचनेत गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

वारसा

फाळके यांनी सुमारे ९५ चित्रपट व अनेक लघुपट निर्माण केले. त्यांपैकी फारच थोडे आज उपलब्ध आहेत. त्या काळातील नायट्रेटची चित्रफीत ज्वालाग्राही व नाशवंत होती आणि जुन्या चित्रपटांच्या जतनाची व्यवस्था नव्हती. १९६४ साली पुणे येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात राजा हरिश्चंद्र, श्रीकृष्णजन्म इत्यादींचे अवशिष्ट भाग जतन करण्यात आले. कालियामर्दनचा बराच मोठा भाग वाचला असल्याने फाळके यांच्या चमत्कृतिदृश्यांची कल्पना प्रामुख्याने त्यावरून येते. भस्मासुराचे रूप त्यांनी कसे साकारले होते हे मात्र पडद्यावर पाहण्याची सोय उरलेली नाही.

भारत सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देण्यास सुरुवात केली. १९७१ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्यात आले. मुंबईतील गोरेगाव येथील चित्रनगरीलाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.