खाशाबा आणि पंच

आम्हा येरमाळ्याकडच्या पोरांना जत्रेतला आखाडा नवा नाही. पंचांचा निकाल पटला नाही की टोप्या उडतात, गर्दी थेट हौद्यात उतरते. अशा वेळी मला खाशाबा जाधव आठवतात.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात १९२६ साली जन्मलेले खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ मध्ये लंडनला सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसा नव्हता, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. (आमच्या गुरुजनांनी घाबरू नये, आमच्यात तसा मल्ल नाही!)

तेथे जपानच्या इशीशी दीर्घ झुंज संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्ल ममेदबेकोवपुढे उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो पंचांपुढे मांडायला एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. तरीही कांस्यपदक आणलेच! स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

परतल्यावर मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या लोटल्या. हेलसिंकीत मात्र नियम जाणणारा एक माणूस पुरला असता. आमच्या हौद्यात पंचांच्या अंगावर धावणाऱ्यांतही तो मला अजून दिसलेला नाही.

खाशाबा पुढे पोलीस खात्यात गेले. १९८४ मध्ये अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर.