अणूचें वजन करणारे डॉ. ॲस्टन

पुणें शहरांतील सराफाचा कांटा गुंजेचाहि फरक दाखवितो. परंतु सोनें ज्या अणूंचें बनलें आहे, त्यांपैकीं एका अणूचें वजन कोणत्या कांट्यानें करावें? जो डोळ्यांस दिसत नाहीं व चिमटींत सांपडत नाहीं, तो पारड्यांत घालावा कसा? हें अवघड काम ज्यांनीं सिद्धीस नेलें, त्या डॉ. फ्रान्सिस विल्यम ॲस्टन यांचें चरित्र वाचकांस बोधप्रद होईल, असें वाटल्यावरून तें येथें थोडक्यांत देत आहों.

ॲस्टन यांचा जन्म इ. स. १८७७ च्या सप्टेंबर महिन्याच्या १ ल्या तारखेस इंग्लंडांत, बर्मिंगहॅम शहराजवळील हार्बोर्न या गांवीं झाला. त्यांचे वडील धातूंचा व्यापार करीत, व घरची शेतीहि होती. ॲस्टन यांस बाळपणापासून स्वतःच्या हातानें उपकरणें बनविण्याचा नाद होता. शिक्षणानंतर त्यांनीं सुमारें तीन वर्षें बीर गाळण्याच्या एका कारखान्यांत रसायनज्ञाची चाकरी केली. परंतु फुरसतीच्या वेळीं ते घरीं कांच फुंकून नळ्या घडवीत, आणि त्या नळ्यांतील हवा काढून घेण्याचे पंप तयार करीत. हेंच हस्तकौशल्य पुढें त्यांच्या कामास आलें. इ. स. १९१० च्या सुमारास केंब्रिज येथील विख्यात शास्त्रज्ञ सर जे. जे. टॉमसन यांनीं त्यांस आपल्या हाताखालीं घेतलें.

त्या काळीं विद्वानांपुढें एक कोडें होतें. सर्व अणु एकाच प्रकारच्या मूळ कणांचे बनले असतील, तर त्यांचीं वजनें पूर्णांकांत यावयास पाहिजेत. परंतु क्लोरीन वायूचें वजन ३५.४६ असें अपूर्णांकांत येई. पहिलें महायुद्ध संपल्यावर, इ. स. १९१९ सालीं, ॲस्टन यांनीं एक नवें यंत्र उभें केलें. आपण खळ्यावर धान्य उफणतों, तेव्हां जड दाणे जवळ पडतात व हलकें भूस दूर जातें. तद्वतच या यंत्राच्या निर्वात नळींतून विद्युत्‌भारित अणु वेगानें सोडीत. विजेच्या व लोहचुंबकाच्या प्रभावानें जड अणु थोडा वळे व हलका अधिक वळे, आणि प्रत्येक जातीची निराळी रेघ फोटोच्या कांचेवर उमटे. त्यावरून असें दिसून आलें कीं, क्लोरीनचे अणु दोन जातींचे आहेत. एक ३५ वजनाचा व दुसरा ३७ वजनाचा. पहिल्या जातीचे सुमारें तीन व दुसऱ्या जातीचा एक, अशा मिश्रणाची सरासरी साडेपस्तीसच्या जवळ येते. कोडें सुटलें! अशा सजातीय अणूंस समस्थानिक म्हणतात. ॲस्टन यांनीं त्यांचे दोनशेंहून अधिक प्रकार शोधून काढिले, व इ. स. १९२२ सालीं त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें दुसरा कोणी समाधान मानून स्वस्थ बसला असता. परंतु ॲस्टन यांच्या नजरेंतून एक बारीक गोष्ट सुटली नाहीं. हायड्रोजनचें वजन बरोबर १ न भरतां १.००८ भरत होतें. हा फरक क्षुल्लक म्हणून सोडून न देतां त्यांनीं इ. स. १९२७ पर्यंत दुसरें यंत्र तयार केलें. तें दहा हजारांत एका भागाचाहि फरक दाखवूं शके.

तो फरक कसला, हें हिशेबानेंच पाहूं. हेलियमच्या अणूंत दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन व दोन इलेक्ट्रॉन असतात. (न्यूट्रॉनचा शोध चॅडविक यांनीं इ. स. १९३२ सालीं लाविला.) आजच्या मापाप्रमाणें एका प्रोटॉनचें वजन १.००७२८, न्यूट्रॉनचें १.००८६६ आणि इलेक्ट्रॉनचें ०.०००५५ आहे. दोन दोन घेऊन मिळवणी केली, तर ४.०३२९८ येतात, परंतु प्रत्यक्ष हेलियमचा अणु ४.००२६० च भरतो! शेंकडा सुमारें पाऊण भाग कोठें गेला? तो चोरीस गेला नाहीं. कण एकत्र बांधले जातांना तेवढें वजन शक्तिरूपानें बाहेर पडतें. आणि तो अणु पुन्हां सुटा करावयाचा तर तितकीच शक्ति परत भरावी लागते. जी तूट दिसते, तीच अणूची गांठ होय.

या तुटीवरूनच एडिंग्टन या ज्योतिषशास्त्रज्ञानें इ. स. १९२० सालीं असें सुचविलें कीं, सूर्यांत हायड्रोजनचें हेलियम होत असल्यानें त्याचें तेज टिकून आहे. पुढें हें अनुमान खरें ठरलें. आपल्या शेतांतील ज्वारी ज्या उन्हावर पिकते, तें ऊन या लहानशा वजाबाकींतून आलेलें आहे.

ही शक्ति माणसाच्या हातीं आली, तर ती त्याच्या ताब्यांत राहील कीं नाहीं, याविषयीं ॲस्टन यांनीं पारितोषिक घेतांना केलेल्या व्याख्यानांतच सावधगिरीची सूचना दिली होती. इ. स. १९४५ च्या ऑगस्ट महिन्यांत हिरोशिमा व नागासाकी हीं नगरें अणुबाँबनें उद्ध्वस्त झालीं. तेथें जड अणु फोडले होते, तरी शक्ति निघाली ती वजनाच्या तुटींतूनच. हें वर्तमान ॲस्टन यांच्या हयातींतच आलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या २० व्या तारखेस, वयाच्या ६८ व्या वर्षीं, केंब्रिज येथें त्यांचें देहावसान झालें. ते आजन्म अविवाहित होते.

पुण्यांत इ. स. १९५० सालीं राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली. औषधी व इतर द्रव्यें पारखण्यासाठीं तेथें जीं यंत्रें वापरतात, त्यांत ॲस्टन यांच्या यंत्राच्या वंशांतलींहि आहेत. वाचकहो, हिशेबांत पैचा फरक राहिला, तर पुष्कळ जण तो खोडून टाकितात. ॲस्टन यांनीं तो खोडला नाहीं, जपून ठेविला. आणि त्या पैमध्यें सूर्याचें तेज व नगरांचा नाश हीं दोन्ही दडलेलीं निघालीं. त्यांपैकीं काय घ्यावें, हें मात्र कोणताहि कांटा सांगूं शकत नाहीं.