गोपाळबाबा वलंगकर यांचे चरित्र

हातचे काम सुटले म्हणजे आपण आता कशालाच उपयोगी राहिलो नाही, असे वाटून पुष्कळ माणसे खचून जातात. महाड व पोलादपूर या तालुक्यांतील घरांस हा अनुभव नवा नाही. सन १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला व पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, तेव्हा कोकणातील पुष्कळ कुटुंबांचा पगार एकाएकी थांबला. आजही कोणाची कारखान्यातील नोकरी जाते, तर कोणी पेन्शन घेऊन गावी परत येतो आणि पुढे काय करावे हे त्यास उमजत नाही. अशा बंधूंसाठी आम्ही याच तालुक्यातील एका पुरुषाचे चरित्र येथे देत आहो. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि त्यांच्या उद्योगापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

गोपाळबाबा वलंगकर यांचा जन्म सन १८४० च्या सुमारास महाडजवळील रावढळ या गावी महार कुळात झाला. त्या काळी या जातीच्या मुलास गावच्या शाळेत बसू देत नसत, सार्वजनिक पाणवठ्यावर जाऊ देत नसत, आणि गावकीचे काम करून जी भाकरी मिळे तीवरच घर चाले. या स्थितीतून बाहेर पडण्यास कोकणातील महारांस एक वाट होती, ती म्हणजे कंपनी सरकारची व पुढे राणीच्या राज्यातील मुंबई इलाख्याची पलटण. पलटणीत नियमित पगार मिळे, नोकरी पुरी झाली म्हणजे पेन्शन मिळे, आणि शिपायांच्या व त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय असे. डॉक्टर आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे महू येथील लष्करी शाळेत शिक्षक होते, हे वाचकांस ठाऊक असेलच. गोपाळबाबांनीही हीच वाट धरली व ते शिपाई झाले.

सन १८८६ साली ते सैन्यातून निवृत्त झाले. कशेडी घाटापलीकडे दापोली येथे लष्करी पेन्शनरांची बरीच वस्ती होती. तेथे त्यांनी बिऱ्हाड केले. वय पंचेचाळिशीच्या घरात होते आणि पेन्शन चालू होती. पुष्कळ पेन्शनर या वयास ओसरीवर बसून मोहिमांच्या गोष्टी सांगण्यात समाधान मानतात, व त्यात काही पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु गोपाळबाबांनी दुसऱ्या उद्योगास आरंभ केला. महात्मा जोतीराव फुले यांनी सन १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला होता, त्यांच्या विचारांचा गोपाळबाबांच्या मनावर खोल परिणाम झाला. त्यांनी हिंदू धर्मग्रंथ वाचून पाहिले, आणि जातिभेद हा मनुष्यांनीच रचिलेला आहे, असे त्यांचे मत ठरले.

मग बंदुकीच्या जागी लेखणी आली. सन १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ या नावाचे लिखाण प्रसिद्ध केले, व विटाळाच्या चालीस आधार तरी काय, असे उच्चवर्णीयांस उघडपणे विचारिले. ‘दीनबंधु’ व ‘सुधारक’ या पत्रांतून ते लेख लिहू लागले. आपल्या लोकांस जागे करण्यासाठी त्यांनी मराठीत पद्येही रचिली. कारण ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांच्या कानी छापील लेखापेक्षा गाणे लवकर पोहोचते. अनार्य दोष परिहार मंडळी या नावाची संस्थाही त्यांनी उभी केली.

आमच्या वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या नव्या कामास लागणारी सामग्री गोपाळबाबांनी नव्याने विकत आणिली नव्हती. वेळेवर उठणे, हाती घेतलेले काम पुरे करणे व वरिष्ठांपुढे न अडखळता उभे राहणे ही पलटणीतील सवय. आणि पोटापुरती पेन्शन होती म्हणून गावकीच्या भाकरीसाठी कोणाचे तोंड धरावे लागत नव्हते. स्वतःचे वर्तमानपत्र नव्हते, म्हणून ते रडत बसले नाहीत. दुसऱ्यांच्या पत्रांत जी जागा मिळाली ती त्यांनी वापरली.

इतक्यात मोठा आघात झाला. लढवय्या जाती कोणत्या व बिगर लढवय्या कोणत्या, अशी विभागणी सरकारने चालविली, आणि सन १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या पलटणीने गोपाळबाबांस पगार व पेन्शन दिली होती, तिचे दार त्यांच्या मागच्या पिढीस लागले. त्यांची स्वतःची पेन्शन तर चालूच होती. तरीसुद्धा गावोगावच्या तरुणांसाठी त्यांनी लेखणी उचलिली व सन १८९४ साली सरकारकडे अर्ज तयार केला. त्या अर्जास यश आले नाही.

सन १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. ज्या जातीच्या माणसास आजवर वेशीबाहेर उभे राहून हुकूम ऐकावे लागत, त्या जातीचा मनुष्य तालुक्याच्या कारभारात सभासद झाला. ही गोष्ट उच्चवर्णीय सभासदांस रुचली नाही, व वर्तमानपत्रांतून तिजवर बराच वाद माजला. सन १९०० साली रावढळ येथेच गोपाळबाबांचा अंत झाला. भरती त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा सुरू झाली नाही.

तर त्यांचे श्रम वाया गेले काय? पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सन १९०४ व १९१० साली पुन्हा अर्ज केले. पहिल्या महायुद्धात, सन १९१७ साली, महारांची एक पलटण उभारिली गेली. ती सन १९२१ साली मोडली, परंतु सन १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली व ती आजही भारतीय सैन्यात आहे. आणि ज्या महाडच्या बोर्डावर गोपाळबाबांची नेमणूक कित्येकांस सोसली नाही, त्याच महाडात सन १९२७ च्या मार्च महिन्यात डॉक्टर आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. गोपाळबाबांच्या नात्यातील रमाबाई याच डॉक्टरांच्या पत्नी होत्या.

यावरून आम्हांस असे दिसते की, ज्याचे काम सुटले आहे त्याने प्रथम, जुन्या कामाने मला काय शिकविले, याचा हिशेब मांडावा. गिरणीतील जॉबरास माणसे सांभाळता येतात, मुकादमास हजेरी ठेवता येते, शिपायास शिस्त ठाऊक असते. गावच्या शाळेस, सोसायटीस व मंडळीस याच गुणांची गरज आहे. मिळकत थोडी असो, पण ती ठरलेली असेल तर तिच्या आधारावर मोठे काम करता येते. अर्ज एकदा फेटाळला गेला तर तो पुन्हा लिहावा, किंवा ज्याच्या हाती लेखणी आहे अशा पुढच्या मनुष्यास तो द्यावा. आपल्या खेड्यांतील उपदेशकांनी हे चरित्र संध्याकाळी मंडळीस वाचून दाखवावे. आणि नुकताच पेन्शन घेऊन आलेला कोणी बंधू तेथे बसला असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन एखादे काम त्याच्या हाती सोपवावे, अशी आमची विनंती आहे.