विष्णू माधव घाटगे

डॉ. विष्णू माधव घाटगे (२४ ऑक्टोबर १९०८ – ६ डिसेंबर १९९१) हे भारतीय वैमानिक अभियंते आणि विमान-आराखडाकार होते. भारतात आखले व बांधले गेलेले पहिले प्रशिक्षण विमान एचटी-२ आणि भारतीय हवाई दलाचे पहिले स्वदेशी जेट प्रशिक्षण विमान एचजेटी-१६ किरण, ही दोन्ही विमाने त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली.

शिक्षण

घाटगे यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू या गावी झाला. भारतातील शिक्षण संपवून ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात गेले आणि तेथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९३६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. वाहत्या हवेचा वस्तूच्या पृष्ठभागालगतचा पातळ थर वेगळा मानून त्याचे गणित मांडता येते, हा सीमास्तराचा सिद्धान्त प्रांटल यांनी १९०४ साली मांडला होता. आधुनिक वायुगतिशास्त्र त्यावर उभे आहे. १९३३ नंतर नाझी राजवटीने ग्योटिंगेनमधील अनेक गणितज्ञांना पदच्युत केले असले, तरी प्रांटल यांची संस्था या विषयातील जगातले एक अग्रगण्य केंद्र म्हणून टिकून होती.

बंगळूर

घाटगे भारतात परतले तेव्हा देशात विमाननिर्मितीचा कारखानाच नव्हता. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली आणि घाटगे तिच्याशी जोडले गेले. कंपनीने सुरुवातीच्या काळात बांधलेल्या दहा आसनी ग्लायडरच्या आराखड्यात त्यांचा वाटा होता. परंतु युद्ध भारताच्या सीमेपर्यंत येताच कारखान्याला दोस्त राष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीचे काम मिळाले आणि नव्या आराखड्यांना जागा उरली नाही. १९४२ साली बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याची पायाभरणी घाटगे यांनी केली. पुढे त्यांच्या आराखडा विभागाला जे अभियंते लागणार होते, त्यांच्या शिक्षणाची सोय अशा रीतीने आधीच झाली.

एचटी-२

स्वातंत्र्यानंतर कारखान्यात प्रेंटिस हे ब्रिटिश प्रशिक्षण विमान परवान्याने बांधले जाऊ लागले. परवान्याच्या कामात तयार नकाशांप्रमाणे भाग बनवायचे असतात. पंख एवढाच लांब का, शेपटी तेथेच का, हे प्रश्न त्यात उद्भवत नाहीत. ते उद्भवावेत असे काम घाटगे यांनी हाती घेतले आणि त्यासाठी लढाऊ विमान न निवडता सर्वांत साध्या प्रकारचे विमान निवडले. एचटी-२ हे धातूचे, पंख खाली जोडलेले, न मिटणाऱ्या चाकांचे आणि एकामागे एक अशा दोन आसनांचे विमान होते. १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन मात्र ब्रिटनमधून आणावे लागले. ऑगस्ट १९५१ मध्ये या विमानाने पहिले उड्डाण केले. अशी सुमारे १७० विमाने बांधली गेली. हवाई दलातील व नागरी संस्थांतील नवशिक्यांच्या कित्येक तुकड्या या विमानावर शिकल्या. घाना देशाच्या नव्या हवाई दलानेही १२ विमाने घेतली.

यानंतर घाटगे यांच्या विभागाने उड्डाण संघांसाठी पुष्पक (१९५८) आणि लष्करी टेहळणीसाठी कृषक (१९५९) ही हलकी विमाने केली. पुष्पकच्या रचनेत फारसे नावीन्य नव्हते, पण स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे विमान हीच उड्डाण संघांची गरज होती.

किरण

एचटी-२ वर शिकलेला वैमानिक पुढच्या टप्प्यात व्हँपायर या ब्रिटिश जेटकडे जात असे. हे विमान बंगळूरलाच परवान्याने बांधले जाई. त्याच्या पुढच्या भागाची बांधणी लाकडी थरांची होती आणि आराखडा दुसऱ्या महायुद्धातला होता. त्याची जागा घेणाऱ्या जेट प्रशिक्षण विमानाचे काम डिसेंबर १९५९ मध्ये घाटगे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले.

काळ अनुकूल नव्हता. याच कारखान्यात जर्मन आराखडाकार कुर्ट टांक यांच्या देखरेखीखाली मारुत हे स्वनातीत वेगाचे उद्दिष्ट असलेले लढाऊ विमान आकार घेत होते आणि नॅट या लढाऊ विमानाची परवान्याची बांधणीही चालू होती. अभियंते, कारागीर व यंत्रसामग्री प्रथम या दोन कामांना मिळे. देशाचे लक्षही मारुतकडे होते. किरणचे काम त्यामुळे रेंगाळले.

आराखड्यातील निवडी मात्र ठाम होत्या. शिक्षक व विद्यार्थी शेजारी-शेजारी बसत, त्यामुळे विद्यार्थ्याचा हात कोठे चुकतो हे शिक्षकाला प्रत्यक्ष दिसे. कक्षातील हवेचा दाब नियंत्रित होता आणि दोघांनाही इजेक्शन सीट होत्या. पंख सरळ ठेवले होते. मागे झुकलेल्या पंखांनी वेग वाढला असता, पण कमी वेगात, विशेषतः उतरताना, नवशिक्याला विमान सांभाळणे अवघड गेले असते. इंजिन ब्रिटिश बनावटीचे व्हायपर होते, त्याचा जोर सुमारे ११३० किलो होता. विमानाचे इंजिन देशात तयार करता न येणे ही उणीव एचटी-२ पासून चालत आली होती आणि किरणमध्येही ती भरून निघाली नाही.

४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी किरणचे पहिले उड्डाण केले. त्यानंतर महिन्याभरातच, १ ऑक्टोबरला, हिंदुस्तान एअरक्राफ्टचे विलीनीकरण होऊन हिंदुस्तान एरोनॉटिक्स ही कंपनी अस्तित्वात आली. हवाई दलाला पहिली विमाने मिळण्यास १९६८ साल उजाडले. पहिल्या उड्डाणापासूनची ही साडेतीन वर्षे एका प्रशिक्षण विमानासाठी जास्तच म्हणावी लागतील. व्हँपायर विमाने तोवर वापरात ठेवावी लागली.

मूळ प्रकाराची आणि शस्त्रे लावता येणाऱ्या १ए प्रकाराची मिळून १९० विमाने बांधली गेली. अधिक ताकदीचे ऑर्फियस इंजिन बसवलेल्या दुसऱ्या आवृत्तीचे पहिले उड्डाण १९७६ साली झाले. १९९६ मध्ये बिदर येथे स्थापन झालेल्या सूर्यकिरण या कसरतपथकाने हीच आवृत्ती वापरली, पथकाचे नावही विमानावरूनच पडले. मारुतची १४७ विमाने बांधली गेली आणि ती १९९० पर्यंत सेवेतून गेली. किरण मात्र पाच दशकांहून अधिक काळ उडत राहिले. यामागे आराखड्याचा भक्कमपणा आहे, तसेच उत्तराधिकारी विमान वेळेवर न मिळणे हेही कारण आहे. किरणच्या जागी यायचे असलेले सितारा २००३ मध्ये प्रथम उडाले, परंतु गिरकीत सापडल्यावर त्यातून सुरक्षित बाहेर पडण्याच्या चाचण्यांत ते अडकून पडले. २०११ साली सूर्यकिरण पथक काही वर्षांसाठी थांबवून त्याची विमाने प्रशिक्षणाकडे वळवावी लागली.

सन्मान

घाटगे यांना १९६५ साली अभियांत्रिकी विज्ञानातील कार्यासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावे पुरस्कार देते, तर हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या बंगळूर येथील सभागृह-संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.