जॉर्ज सायमन ओम : एका शाळामास्तराचें चरित्र

अलीकडे आमच्या नागपुरांत घरोघरीं गाणें ऐकण्याचे संच आले आहेत. कोणी रेकॉर्ड वाजविण्याचें यंत्र आणितो, कोणी अँप्लिफायर व दोन स्पीकर आणून दिवाणखान्यांत मांडितो, आणि सणासुदीच्या दिवशीं त्या संगीताचा लाभ, इच्छा असो वा नसो, शेजाऱ्यांसहि घडतो. अशा स्पीकरची पाठीमागची बाजू आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां अवश्य पाहावी. तेथें ४, ६ किंवा ८ अशा आंकड्यापुढें घोड्याच्या नालासारखें एक ग्रीक अक्षर छापलेलें असतें. तें अक्षर म्हणजे एका शाळामास्तराच्या नांवाची खूण होय. त्या मास्तराचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

जॉर्ज सायमन ओम ह्याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजीं जर्मनींतील एर्लांगेन ह्या गांवीं झाला. बाप कुलपें करणारा कारागीर होता व आई एका शिंप्याची मुलगी. जॉर्ज दहा वर्षांचा असतां आई वारली. बापास शाळेचें शिक्षण मिळालें नव्हतें. परंतु त्यानें स्वतःच्या उद्योगानें गणित व पदार्थविज्ञान शिकून घेतलें होतें, आणि तीच विद्या त्यानें आपल्या जॉर्ज व मार्टिन ह्या मुलांस घरीं शिकविली. पुढें मार्टिनहि गणिती म्हणून नांवारूपास आला. आपलें शिक्षण थोडें म्हणून मुलांच्या अभ्यासांत लक्ष घालण्यास ज्या पालकांस संकोच वाटतो, त्यांनीं ह्या कुलुपवाल्याची आठवण ठेवावी.

इ. स. १८०५ त जॉर्ज विश्वविद्यालयांत दाखल झाला. पण तेथें त्याचें मन पुस्तकांपेक्षां नाच, बिलियर्ड व बर्फावरील घसरणें ह्यांतच अधिक रमूं लागलें. बाप संतापला. तीन सत्रांनंतर मुलास विश्वविद्यालय सोडावें लागलें, व तो स्वित्झर्लंडमधील एका शाळेंत गणिताचा शिक्षक झाला. परक्या मुलुखांत त्याचे डोळे उघडले. शिकवितां शिकवितां त्यानें स्वतःचा अभ्यास नेटानें चालविला, आणि १८११ सालीं एर्लांगेनला परत येऊन डॉक्टरची पदवी मिळविली. तरी पोटापुरतें वेतन मिळेना. १८१३ पासून बांबेर्ग येथील एका सामान्य शाळेंत त्यानें दिवस काढिले. तेथें भूमितीवर लिहिलेलें पुस्तक प्रशियाच्या राजाकडे पोंचलें, आणि १८१७ त कलोन येथील जेझुइट हायस्कुलांत त्याची नेमणूक झाली. त्या शाळेंत पदार्थविज्ञानाची चांगली प्रयोगशाळा होती. शिकविण्याचें काम आटोपल्यावर उरलेला वेळ ओम त्या प्रयोगशाळेंत घालवी.

तारेंतून जाणारा विद्युत्प्रवाह कशानें वाढतो व कशानें घटतो, हा त्याचा प्रश्न होता. त्या काळचे विद्युत्घट भरंवशाचे नव्हते. प्रवाह सुरू होतांच त्यांचा जोर ओसरूं लागे. ह्यामुळें १८२५ त त्यानें प्रसिद्ध केलेला पहिला नियम चुकीचा ठरला. ओम खचला नाहीं. पोगेनडॉर्फ ह्या विद्वानाच्या सूचनेवरून त्यानें घट बाजूस ठेविले, आणि तांबें व बिस्मथ ह्या दोन धातूंचे सांधे, एक उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत, असे ठेवून अगदीं स्थिर प्रवाह मिळविला. मग निरनिराळ्या लांबीच्या तारा एकामागून एक जोडून चुंबकसुईच्या साहाय्यानें त्यानें मोजमाप केलें. तारेचा विरोध जितका अधिक तितका प्रवाह कमी, आणि विजेचा दाब जितका अधिक तितका प्रवाह जास्त, असा सरळ नियम निघाला.

१८२७ सालीं ओमनें हें सारें गणितासह ग्रंथरूपानें छापिलें. त्यास मोठी आशा होती कीं, आतां आपणांस विश्वविद्यालयांत जागा मिळेल. परंतु पदार्थविज्ञानांत इतकें गणित आणणें पुष्कळ जर्मन पंडितांस रुचलें नाहीं, आणि ग्रंथाचें स्वागत थंडपणानें झालें. दुखावलेल्या ओमनें १८२८ त कलोनची नोकरी सोडिली व बर्लिनमध्यें थोड्याशा मिळकतीवर शिकवण्या करून तो राहिला. १८३३ त न्युरेंबर्ग येथें त्यास पुन्हां बरी जागा मिळाली. मान मिळाला तो परदेशांतून. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कोप्ली पदक दिलें. म्युनिकच्या विश्वविद्यालयांतील प्राध्यापकपद त्याच्या हातीं आलें तें १८५२ त, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं. आणि ६ जुलै १८५४ रोजीं तो मरण पावला. १८८१ त पॅरिस येथील परिषदेनें विद्युत्विरोधाच्या मापास त्याचें नांव कायम केलें.

आतां त्याचा नियम आपल्या दिवाणखान्यांत लावून पाहूं. ८ ओमच्या स्पीकरवर २० व्होल्टचा दाब पडला, तर अडीच अँपियर प्रवाह वाहतो व ५० वॅट शक्ति खर्च होते. असे दोन स्पीकर समांतर जोडले कीं विरोध ४ ओमच राहतो, आणि अँप्लिफायरला दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो. तो त्या बेताचा नसेल तर तापतो, व नागपूरच्या उन्हाळ्यांत बंद कपाटांत कोंडलेला असेल तर लवकरच बिघडतो. छापलेला आंकडा हा ठोकळ मानानें असतो, कारण स्वर बदलेल तसा स्पीकरचा विरोधहि बदलतो. तरी जोडणी करण्यापूर्वीं तो वाचावाच. तारेचेंहि तसेंच. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार १० मीटर दूर नेली, तर जाऊन येऊन २० मीटर होते व तिचा विरोध सुमारें ०.७ ओम भरतो. स्पीकर ४ ओमचा असल्यास दाबाचा जवळजवळ सातवा हिस्सा तारेंतच नाहींसा होतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हा तोटा तिसाव्या हिश्श्यावर येतो. महागडा स्पीकर घेऊन तारेंत काटकसर करणाऱ्यानें हा हिशेब ध्यानांत धरावा.

ओमचें आणखी एक देणें आहे. १८४३ त त्यानें असें प्रतिपादिलें कीं, मिश्र नाद ऐकतांना आपला कान त्याचें पृथक्करण करून त्यांतील निरनिराळे साधे स्वर ओळखतो. झेबेक ह्या शास्त्रज्ञानें त्यास विरोध केला, व ओमच्या हयातींत वाद मिटला नाहीं. पुढें १८६३ त हेल्महोल्ट्झनें आपल्या ग्रंथांत ओमचाच पक्ष उचलून धरिला. पुढील संशोधकांनीं ह्या नियमाच्या मर्यादाहि दाखविल्या. तथापि तंबोऱ्याच्या एका तारेंत अनेक स्वर कसे ऐकूं येतात, ह्या विचाराची वाट त्यानेंच रुंद केली.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, पहिलें उत्तर चुकलें तर प्रयोगाचें साधन बदलून पाहावें, पण प्रश्न सोडूं नये. ज्यानें आपला चुकलेला नियम स्वतःच दुरुस्त केला, त्याचें नांव आज प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर आहे.